रोखठोक यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : करवंटी, कार्बन आणि सोडियम

रोखठोक साहेब, सोडियम-आयन बॅटरीवरच्या (लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. नारळाच्या करवंटीपासून या बॅटरीत सोडियम साठवणारा हार्ड कार्बन बनवता येतो असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणता, "अभ्यास न करता लिहिलंय, करवंट्या जाळून बॅटऱ्या होत नसतात राव!" आता यात मुद्दा किती आणि टोमणा किती ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं. इथे वाद पुष्कळ झालेत, पण टिंगल करायला सहसा कोणी येत नाही.

तर करवंटी. माझी उमेदीची वर्षं करवंटीपासून ॲक्टिव्हेटेड कार्बन (बारीक भोकांचा कोळसा) बनवणाऱ्या कारखान्यात गेलीत, संध्याकाळी नाक शिंकरलं तरी काळं यायचं, त्यामुळे जाळल्यावर काय मिळतं ते मला नका शिकवू, राख मिळते. हवा न लागू देता तापवली की कोळसा मिळतो आणि तो ॲसिडने धुऊन, खनिजं काढून, हजार ते दीड हजार अंशाला परत तापवला की हार्ड कार्बन. स्टीव्हन्स आणि डान या संशोधकांनी २००० साली चक्क ग्लुकोजपासून हार्ड कार्बन बनवून ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास सोडियम साठवायची क्षमता दाखवली, त्यांचाही अभ्यास कमी पडला म्हणायचा का?

आम्ही कारखान्यात भोकं वाढवायच्या मागे असायचो, ग्रॅमला हजार चौरस मीटर पृष्ठभाग मिळाला की साहेब खूश. बॅटरीत बरोबर उलटं, उघडी भोकं जास्त असली की तिथे इलेक्ट्रोलाइटचं (बॅटरीतल्या द्रवाचं) विघटन होऊन थर चढतो आणि पहिल्याच चार्जला बरंच सोडियम त्यात अडकून बसतं. हा पहिल्या सायकलचा तोटा मी एका ओळीत उरकला हे मान्य, तेवढं तुमचं बरोबर.

राहिलं पोटॅशियम. तो सोडियमपेक्षा मोठा असून ग्राफाइटमध्ये (लिथियम बॅटरीतल्या थरांच्या कार्बनमध्ये) शिरतो, मग सोडियम "मोठा म्हणून" शिरत नाही हे मी लिहिलं ते कसं, असं विचारलंत. पोटॅशियम शिरतो हो, केसी-८ (आठ कार्बनमागे एक पोटॅशियम) बनतं, माहितीये मला, खरं कारण आकाराचं नाही, एनर्जीचं आहे. पण लेख दहावीच्या पोरांना कळावा म्हणून लिहिलेला, तिथे एनर्जीची गणितं मांडली असती तर तुम्हीच बोजड म्हणत आला असता. ग्राफाइटमध्ये ग्रॅमला लिथियमची क्षमता ३७२ मिलिअँपिअर-अवर आणि सोडियमची जेमतेम ३५, हे आकडे तर खोटे नाहीत ना? मग झालं.

किंमत आणि एनर्जी डेन्सिटीवर (ठरावीक वजनात किती ऊर्जा मावते त्यावर) वेगळं लिहिणार आहे, दम धरा. पुण्यात केपीआयटी कंपनीने २०२३ मध्ये आयसर या विज्ञान संस्थेच्या संशोधकांसोबत सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली, वाटल्यास तोवर त्यांना जाऊन अभ्यास विचारा. नाहीतर स्वतः एक लेख लिहा आणि लिंक टाका, येतो मी तिथे प्रतिक्रिया द्यायला.