रिकामीच आहेस ना, कूलर भर!

मी वही उघडली की घरातल्या सगळ्यांना एकदम कूलर आठवतो. मे महिना, नागपूर, पारा ४५च्या आसपास. कूलर कोरडा ठेवून चालत नाही हे मलाही कळतं. पण अंगणात दिवसभर लोळणारा तो पाइप माझ्या दुसऱ्याच ओळीला का दिसावा?

“काऊन वं, रिकामीच बसली ना? पाणी लाव.”

रिकामी! तासभर एका शब्दापाशी अडून बसलेय मी. दादा ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रिकेटचा स्कोअर बघत असतो, त्याला कोणी हलवत नाही. लॅपटॉप म्हणजे नोकरी, वही म्हणजे टाइमपास.

परवा पाइप धरून उभी होते. ताट्या भिजल्या, वाळ्याचा वास सुटला आणि अडलेला शब्द चक्क सुचला. (हे घरी सांगायचं नाही, नाहीतर रोजच लावतील.) धावत आले, तर आत्यानं माझ्या पानावर तर्री-पोह्यांची प्लेट ठेवलेली. उचलली, तर खाली लाल तेलाचा गोल, बरोबर मधोमध.

वर विचारते कशी, “लिहायचे पैसे देतात का गं कोणी?”

शब्द गेला. पोहे खाल्ले. तर्री झणझणीत होती, त्यामुळे धड भांडताही आलं नाही.