डफिल्डची गाडी पोरांच्या करमणुकीसाठी नव्हती

उन्हाळी सुट्टी लागली की एक मजकूर ग्रुपांवर फिरायला लागतो. बागेतल्या झुकझुक गाडीचा फोटो आणि खाली साधारण असं: सर आर्थर हेवूड या इंग्रज उमरावाने १८७४ मध्ये आपल्या मुलांच्या हट्टापायी बंगल्याच्या बागेत खेळण्यातली रेल्वे बांधली, ती जगातली पहिली पार्क ट्रेन, त्याच मापावर पुढे आपली माथेरानची गाडी धावली, आणि हेवूड गेल्यावर सगळं भंगारात गेलं. यात नाव खरं, साल खरं, बंगलाही खरा. बाकीचं एकेक करून बघू.

मुलांच्या हट्टाची गोष्ट बहुधा एका जुन्या प्रसंगावरून आली असावी. तरुणपणी हेवूडने धाकट्या भावंडांसाठी नऊ इंची गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) एक गाडी खरंच बनवली होती. पण त्यातून त्याने निष्कर्ष काढला तो उलटा: एवढ्या अरुंद रुळांवर मोठी माणसं आणि खराखुरा माल नीट तोलला जात नाही, तेव्हा हे माप कामाचं नाही. मग डर्बीशायरमध्ये डफिल्ड बँक या आपल्या घरामागच्या टेकडीवर त्याने १५ इंचांचे (३८१ मिलिमीटर) रूळ टाकले. भरवशाने काम देईल असं सगळ्यात लहान माप हेच, असं त्याचं मत होतं. इंजिनांची नावं एफी, एला आणि म्युरिएल, म्हणजे बायकोचं आणि दोन मुलींची. नावं ऐकून कुणालाही हा घरगुती लाडाचा मामला वाटेल, आणि घरची पोरं गाडीत बसली नसतील असं कोण म्हणेल? पण त्याचं गिऱ्हाईक वेगळं होतं. मोठ्या जमीनदाऱ्या, दगडखाणी, वीटभट्ट्या आणि लष्कर. बैलगाडी किंवा घोडागाडी पुरत नाही, पण मोठ्या रेल्वेइतका मालही नाही, अशा जागी ही स्वस्त रेल्वे बसेल असा त्याचा हिशेब. लष्कराने ऑल्डरशॉट या आपल्या छावणीत १८ इंची रेल्वेचा एक प्रयोग करून पाहिला होता. तो फसला, आणि आपण हे नीट करून दाखवू या ईर्ष्येने हेवूड कामाला लागला. १८८१ मध्ये त्याने या विषयावर पुस्तिका छापली. ती वाचताना हौशी माणसाची टिपणं वाचतोय असं मुळीच वाटत नाही, खर्चाचं अंदाजपत्रक चाळल्यासारखं वाटतं.

बाग म्हणावी तर जागाही तशी नाही. मुद्दाम अवघड चढ घेतलेला: दहा-बारा फुटांमागे एक फूट. माथेरानचा घाट वीस फुटांमागे एक फूट आहे, त्यावरून अंदाज घ्या. तीन बोगदे, ९१ फूट लांब आणि २० फूट उंच पूल, आणि वळणं इतकी आवळलेली की काही ठिकाणी त्रिज्या जेमतेम २५ फूट. वर आठ जणांचा जेवणाचा डबा, त्यात चूल, शिवाय एक झोपायचा डबा. एवढ्याशा मार्गावर झोपायचं कुणाला? हा डबा निव्वळ जाहिरात होता, या मापावर काय काय शक्य आहे ते पाहुण्यांना दाखवायला.

खरी करामत चाकांत होती, आणि फिरत्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. सहा चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असली की इंजिन ताठ होतं, कडक वळणावर चाकं रुळांना घासतात. दोन किंवा चारच चाकं जोडावीत तर चढावर पकड सुटते. हेवूडने चाकं थेट आसावर (ॲक्सलवर) न बसवता आसावर चढवलेल्या पोकळ नळीवर बसवली. आतला आस चौकटीत सरळच फिरतो, त्यामुळे जोडदांड्यांना त्रास नाही. बाहेरची नळी मात्र चाकांसकट थोडी हलू शकते. वळण आलं की मधली जोडी बाजूला सरकते आणि ती सरकल्यामुळे पुढची-मागची जोडी वळणाच्या दिशेने तिरकी होते. सगळं वजन चालत्या चाकांवर राहतं, पकडही राहते. म्युरिएलला तर अशी आठ चाकं होती. ही इंजिनं दिसायला ठेंगणी, फताडी, अगदी कुरूप आहेत. मला तरी ती तशीच आवडतात.

आता माथेरान. नेरळ-माथेरान मार्ग १९०७ चा, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेला, गेज दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. हेवूडच्या मापाशी त्याचा काही संबंध नाही. मजा अशी की मजकूर लिहिणाऱ्याने चुकीच्या टोकाला हात घातला. माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनांतही पोकळ आसांची युक्ती होती, पण ती सॅक्सनीच्या क्लिएन आणि लिंडनर यांच्या नावाची. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने बनवलेली, आणि त्यांच्या रचनेमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता. साम्य सांगायचंच तर ते इथे आहे, रुळांच्या अंतरात नाही.

‘पहिली पार्क ट्रेन’ हा किताबही त्याच्या गळ्यात घालता येत नाही. तिकीट लावून लोकांना फिरवणाऱ्या छोट्या गाड्यांचा धंदा १८९० च्या दशकात अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कॅग्नी बंधूंनी उभा केला. इंग्लंडमध्ये तो मॉडेल रेल्वे विकणारा बॅसेट-लोक आणि त्याचा इंजिन-रचनाकार हेन्री ग्रीनली यांनी आणला. १९०५ मध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी त्यांचं ‘लिटल जायंट’ इंजिन धावलं. मोठ्या रेल्वेच्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती, म्हणजे हेवूडच्या पद्धतीच्या नेमकं उलट. माप मात्र १५ इंचच, आणि त्याची चाचणी झाली ती हेवूडने बांधलेल्या ईटन हॉलच्या रुळांवर. जनकपणाचा धागा जोडायचाच असेल तर तो एवढाच.

ईटन हॉल हे त्याचं एकमेव मोठं बाहेरचं काम. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या वाड्यापासून बॉल्डर्टन स्टेशनपर्यंत सुमारे तीन मैल, १८९६ मध्ये सुरू. कोळसा, लाकूड, विटा. दुसरा ड्यूक मिळाला नाही. लष्करानेही पुढे ६० सेंटिमीटरचं माप उचललं, ज्याचा प्रसार फ्रान्सच्या डेकोव्हिल कंपनीने केला होता. म्हणजे ज्या कामासाठी आयुष्य घातलं त्यात हेवूड हरला, आणि आज त्याला ज्याचा बाप म्हणतात तो धंदा त्याने कधी केलाच नाही.

गर्भश्रीमंत होता, हे कबूल. पण केंब्रिजला विज्ञान शिकलेला आणि घरच्या कारखान्यात स्वतः राबणारा. दुसरा नाद चर्चच्या घंटांचा: १८९१ मध्ये इंग्लंडच्या घंटावादकांची मध्यवर्ती परिषद त्यानेच उभी केली आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत तोच तिचा अध्यक्ष. सासूबाईही काही साध्या नव्हत्या, मदर्स युनियन या चर्चच्या महिला संघटनेच्या संस्थापक मेरी समनर त्या याच.

राहिलं भंगार. तो गेल्यावर डफिल्डचं सामान विकलं गेलं, पण एला आणि म्युरिएल इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या रॅव्हनग्लास गावी पोचल्या. तिथली तीन फुटी खनिजवाहू रेल्वे नुकतीच १५ इंची केलेली होती, आणि प्रवाशांबरोबर तिथे ग्रॅनाइटही वाहायचं होतं. ईटन हॉलची गाडी १९४६ पर्यंत चालली. म्युरिएलची चौकट आणि चाकं १९२७ मध्ये नवीन बॉयलरखाली बसवून ‘रिव्हर अर्ट’ हे इंजिन तयार झालं. ते अजूनही रॅव्हनग्लासला धावतं.