‘प्लग बदला, बॅटरी काढा, मिसिंग बंद’ या सल्ल्यात चुकतंय काय?

गाडी मिसिंग करायला लागली (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटेनासं झालं), स्टिअरिंगपर्यंत थरथर आली, चेक इंजिनचा दिवा लागला की व्हॉट्सॲपवर ठरलेला सल्ला येतो. बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं काढा, दिवा जाईल. सगळे प्लग बदला. टाकीत इंजेक्टर क्लीनर ओता. कुठला सिलिंडर बंद आहे ते कळण्यासाठी चालू इंजिनमध्ये एकेक प्लग-केबल उपटून बघा. सीएनजीवरच मिसिंग असेल तर किट गेलं. आणि गाडी पळतेय तोवर घाई नको. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) असलेल्या आजच्या गाडीत हे सगळं याच क्रमाने केलं तर खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो.

‘बॅटरी काढा.’ हे पहिल्यांदा तर मुळीच करू नका. इसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, दोषाचा कोड असतो आणि दोष घडला तेव्हा इंजिन किती आरपीएमवर, किती गरम होतं याचीही नोंद असते. बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांत हे सगळं पुसलं जातं. दिवा जातो, पण दोष जात नाही. त्याऐवजी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (दोषाचे कोड वाचायच्या जोडणीला) साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि कोड लिहून घ्या. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही. त्याच्यासोबत पी०१७१ असेल तर इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे, बहुतेकदा ती कुठूनतरी जास्त शिरतेय. इनटेकचे रबरी पाइप, विशेषतः पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ इनटेककडे नेणारा), वाकवून चिरा बघा. प्लग बदलून हा दोष जाणार नाही.

‘सगळे प्लग बदला.’ प्लग जुने असतील तर बदलावेच, पण त्याला निदान म्हणत नाहीत. निदान अदलाबदलीने होतं. समजा कोड पी०३०२ आहे. इंजिन थंड, चावी बंद. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा. स्कॅनरने कोड पुसा, दहा मिनिटं आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा, मग छोटी फेरी मारा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली आहे, एकच आणा. पी०३०२ च राहिला तर आता दुसऱ्या सिलिंडरचा प्लग चौथ्याला, चौथ्याचा दुसऱ्याला लावा आणि पुन्हा बघा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या की उत्तर हातातून गेलं.

प्लग काढण्याआधी तो ज्या खड्ड्यात बसतो त्यातली धूळ हवेने उडवून टाका, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे जाऊ शकतात. बसवताना प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा लावून हातानेच फिरवा. आटा चुकला तर नळी घसरते, पान्याने मात्र तो आटा कापला जातो. मग टॉर्क रेंच घ्या. वॉशरवाल्या १४ मिलिमीटर आट्याच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०. गॅप (प्लगच्या टोकांमधलं अंतर) गाडीच्या पुस्तकातला धरा.

काढलेला प्लग उजेडात फिरवून बघा. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून पळत होती. तशीच रेघ कॉइलच्या रबरी बुटाच्या आतही असते. नुसता प्लग बदलला तर नवा प्लगही थोड्याच दिवसांत तसाच होतो, म्हणून बूटही बदला. खड्ड्यात तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा ट्यूब सील गळतंय. ते आधी दुरुस्त करा.

‘क्लीनर ओता.’ इंजेक्टरवर साका असेल तर थोडा उपयोग होतो, तोही हळूहळू. मेलेल्या कॉइलला किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरला त्याने काहीही होत नाही. गाडी काही दिवस उभी होती आणि मग मिसिंग आलं असेल, तर इंजेक्टर आणि कॉइलकडे जाणाऱ्या वायरी आधी नीट बघा.

‘केबल उपटा.’ हा सल्ला धोक्याचा आहे. तिथे वीस ते चाळीस हजार व्होल्ट असतात. वाट न मिळालेली ठिणगी हाताला झटका देते किंवा कॉइलचं इन्सुलेशन आतून फोडते. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं. त्याऐवजी आयडलवर एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा. इंजिन आणखी डगमगलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तोच बंद आहे. सीएनजीवर चालू असेल तर गॅसच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात हे करू नका, तिथे इंजेक्टरला बारा व्होल्टपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज असतं.

‘सीएनजीवर मिसिंग म्हणजे किट गेलं.’ बहुतेकदा तसं नसतं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून थकलेला प्लग किंवा कॉइल आधी गॅसवर उघडी पडते आणि पेट्रोलवर तीच गाडी गुळगुळीत चालते. किट उघडायच्या आधी वरची अदलाबदल गॅसवर करून बघा. इंजिन तापल्यावर आयडललाच मिसिंग येत असेल तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) मोजून घ्या. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजतात आणि क्लिअरन्स कमी होत जातो.

‘पळतेय तोवर पळवा.’ दिवा स्थिर असेल तर हळू चालवत घरी या. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, बंद करा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळते. एका कॉइलच्या कितीतरी पट पैसे त्यात जातात.

कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायर सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळे प्लग बाहेर, इंधन आणि कॉइल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथून पुढे इंजिन उघडावं लागतं. ते काम गॅरेजमध्येच द्या, आणि देताना हे आकडे लिहून सोबत द्या.