पांढरे डाग ॲसिडचे नव्हेत

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलांच्या दातांना क्लिपा लावायची घाई सुरू होते. मग हा फॉरवर्डही गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो: ‘सावधान! क्लिप लावताना डॉक्टर दातावर ॲसिड ओततात. कवच जळतं, कायमचे पांढरे डाग पडतात, काढताना दाताचा टवका उडतो. कोकणातल्या दमट हवेत तर क्लिप टिकतच नाही.’ वर उपाय म्हणून राखुंडी आणि लिंबू-मीठ.

ॲसिड लावतात हे खरं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ओतत मात्र नाहीत. 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिडची जेल, बहुधा निळी, सिरिंजने ब्रॅकेट (तार धरणारा, दाताला चिकटवायचा छोटा तुकडा) बसायच्या जागेपुरती लावायची, 15 ते 30 सेकंदांनी पाण्याने धुवायची आणि दात वाळवायचा. तेवढी जागा खडूसारखी पांढरी दिसते आणि शेजारी उभी आई नेमकी तिथे घाबरते. दाताचं कवच म्हणजे इनॅमल इतकं गुळगुळीत, की त्यावर काही धरत नाही. ॲसिडने सूक्ष्म छिद्रं उघडतात, त्यांत पातळ रेझिन, म्हणजे चिकटवायचा द्रव, झिरपतं आणि निळ्या लाईटखाली घट्ट होतं. कारखान्यात रंग पक्का बसावा म्हणून धातूला फॉस्फोरिक ॲसिड लावत, त्यावरून अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली ही युक्ती दातांवर आणली, तीही 85 टक्के ॲसिड वापरून. ब्रॅकेट असे थेट चिकटू लागण्याआधी प्रत्येक दाताला धातूची पट्टी गुंडाळावी लागे.

यात इनॅमल जातं किती? साधारण 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पुढच्या दातांवर ते अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतं. गेलेलं परत उगवत नाही, हे कबूल. पण ब्रॅकेटबाहेर जो भाग खरबरीत राहतो, त्याला लाळेतली खनिजं पुन्हा चकाकी आणतात.

आता डाग. क्लिप काढल्यावर काही मुलांच्या दातांवर पांढरे डाग दिसतात, हे मीही बघतो. पण ते कुठे आहेत ते आरशात नीट बघा. ॲसिडचे असते तर ब्रॅकेटखाली असते. तिथे तर दात स्वच्छ असतो. डाग असतात ब्रॅकेटभोवती आणि हिरडीच्या कडेला, जिथे ब्रश पोचत नाही. तिथे साचलेल्या थरातले जंतू साखरेचं ॲसिड करतात, आणि आम्लता वाढून पीएच 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज निघू लागतं. नीट घासलं नाही, तर चार आठवड्यांतही डाग उमटू शकतो. अर्ध्या मिनिटाच्या ॲसिडची भीती घालणारेच पोराच्या हातात दुपारभर घोट-घोट प्यायला कोकम सरबत देतात आणि वर आंबापोळी, जी तारेखाली चिकटून बसते! बंदी कशालाच नाही. जेवणाबरोबर खा, चुळा भरा, आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टने तारेच्या वरून नि खालून घासा.

टवक्याचं म्हणाल, तर हा जोड मुळातच मध्यम ताकदीचा ठेवतात: 6 ते 8 मेगापास्कल, म्हणजे ब्रॅकेटच्या 10 चौरस मिलिमीटर तळाला सहा-आठ किलोचा जोर. चावणं सोसतं, पक्कडीने दाबलं की सुटतं. उरलेलं रेझिन बर (दातावर फिरणारं यंत्राचं बारीक टोक) फिरवून काढायचं, तिथे घाई केली तर ओरखडे उठतात. सिरॅमिकचे ब्रॅकेट ठिसूळ, त्यांत टवक्याचा धोका थोडा जास्त; ते लावण्याआधीच विचारून घ्या.

दमट हवेच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. जुलैत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं; ते रोज काढलं नाही तर दात वाळवायच्या हवेतूनच तुषार येतात आणि जोड कच्चा राहतो. ही आम्हा डॉक्टरांची जबाबदारी. लाळेचा थेंब लागला तरी तेच, म्हणून तर कापसाचे बोळे आणि सक्शन. बाकी खारा वारा बिचारा निर्दोष. ब्रॅकेट निघतात ते खाज्याने, सुपारीने, नाहीतर दातांनी कुर्लीचे डेंगे फोडल्याने.

राखुंडीने कवच घासलं जातं आणि तिची कणी तारेत अडकते. लिंबू तर ॲसिडच, तेही रोजचं.

सुटलेला ब्रॅकेट डबीत घालून घेऊन या. घरी फेविक्विक लावू नका.