‘गॅस संपलाय’वाल्या मेसेजला उत्तर

उन्हं तापायला लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज दरसाल फिरतो. म्हणणं असं : गाडीचा एसी गरम हवा मारतोय म्हणजे गॅस संपलाय, दर मार्चला गॅस भरून घ्यावा, थोडा जास्त भरला तर कूलिंग आणखी जोरात, आणि पावसाळ्यात-थंडीत एसी बंद ठेवला की गॅस वाचतो. चार वाक्यं, आणि चारही आपल्या खिशाला चाट लावणारी.

पहिलं वाक्य सगळ्यात जास्त चालतं, कारण कधीकधी ते खरं निघतं. गॅस कमी असला की एसी गरम हवा देतो, यात वाद नाही. पण गरम हवा आली म्हणजे गॅसच कमी, हे कुठून आलं?

समजा, गाडी हायवेने कोल्हापूरला निघाली आहे. तवंदी घाट उतरेपर्यंत मस्त गारवा. निपाणीत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात आणि पाच मिनिटांत घाम. पुन्हा गाडी पळायला लागली की पुन्हा गार. गॅस काय वेग बघून कमी-जास्त होतो? इथे पहिला संशय पुढच्या पंख्यावर घ्यायचा. गाडीच्या पुढच्या ग्रिलमागची जाळी, म्हणजे कंडेन्सर, गाडीतली उष्णता बाहेर फेकते. गाडी धावताना तिला वारा मिळतो, उभी असताना पंखाच लागतो. पंख्याची मोटर जळाली, रिले (मोटरला वीज देणारा स्विच) गेला किंवा फ्यूज उडाला तर जाळी तापून बसते. जाळीत चिखल आणि धूळ भरली तरी हाल तेच, आणि खानापूर भागातली तांबडी माती त्यात चांगलीच बसते. गाडी उभी करून एसी लावा आणि पंखा फिरतो का बघा. फिरत असेल तर जाळीवर साध्या नळाचं पाणी मारा. कूलिंग लगेच सुधारलं तर उष्णता बाहेर पडत नाहीये, हे कळलं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मात्र जवळून मारू देऊ नका, जाळीच्या पत्र्या वाकतात.

दुसरी परीक्षा हाताची. एसी थोडा वेळ चालू द्या, पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून कॉम्प्रेसरकडे, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाकडे, परत येणारा जाड पाइप चाचपा. तो गार आहे, त्यावर पाणी सुटलंय, आणि तरी आत गरम हवा येतेय? मग गारवा तयार होतोय, बिघाड डॅशबोर्डमागे आहे. बहुतेक वेळा हीटरची आणि एसीची हवा मिसळणारी झडप एका बाजूला अडकलेली असते. अशा गाडीत कितीही गॅस भरा, उपयोग शून्य. पाइप गारच होत नसेल तर कॉम्प्रेसर चालू होतोय का ते बघायचं. ज्या गाडीत कॉम्प्रेसरला स्वतःचा क्लच असतो तिथे एसीचं बटण दाबल्यावर ‘टक्’ आवाज येतो. आणि हवा गार पण मंद येत असेल तर आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून बघा. ते काम अनेक गाड्यांत घरीच होतं.

दर मार्चला गॅस भरण्याबद्दल. हा गॅस स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखा जळत नाही, बंद नळ्यांत गोल फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो, तेवढंच. जी गाडी दरसाल गॅस मागते तिला गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हवेत जाणार. बरं, बऱ्याच गाड्यांतला आर-१३४ए हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त जहाल आहे. म्हणजे पैसे देऊन वर ऊनही आपणच वाढवायचं!

‘जास्त भरला तर जास्त गार’ हे तर उलटंच आहे. गॅस जास्त झाला की कंडेन्सरमध्ये द्रव झालेला गॅस साठतो, उष्णता टाकायला जागा उरत नाही, दाब चढतो, कूलिंग घटतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. लहान गाडीत सगळा मिळून साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस असतो. नेमका आकडा बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. इंजिन बंद असताना गेज लावून ‘अण्णा, प्रेशर कमी आहे बघा’ म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. ३० अंशांना आर-१३४एचा दाब ९५ पीएसआयच्या आसपास असतो, आणि आत थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत तो २०० ग्रॅमलाही तेवढाच, ४५० ग्रॅमलाही तेवढाच. म्हणून गॅस वजनावर भरायचा. मिस्त्रीला सांगा : आतला गॅस मशीनने काढून वजन दाखवा, नायट्रोजन भरून गळती शोधा, दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करा (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढा), मग स्टिकरवर आहे तेवढाच भरा. व्हॅक्यूम टाळणाऱ्याकडे जाऊच नये. आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल होतो आणि आतले भाग खातो.

राहिला पावसाळा. आपल्याकडची हवा गार, त्यामुळे जूनपासून कितीतरी गाड्यांचा एसी महिनोन्‌महिने बंदच असतो. यात गॅस वाचत नाही. कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळतं ते गॅसबरोबर फिरूनच. ते फिरलं नाही की सील कोरडं पडतं आणि मार्चमध्ये तिथूनच गळती सुरू होऊ शकते. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दहा मिनिटं एसी लावा. पावसात चोर्ला घाटात तर लावाच, काचेवर आतून धरलेलं धुकं एसीची कोरडी हवाच झटपट घालवते.