रेफरीशी भांडा, पण आधी ती क्लिप पूर्ण वेगात पाहा

28 ऑक्टोबर 2023 च्या रात्री मी इंटरनेटवर एका माणसाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काढून टाकल्या, पण तोवर ज्यांनी वाचायच्या त्यांनी वाचल्या होत्या, आणि काहींनी त्यात आपल्या चार ओळींची भरही घातली होती.

रग्बी वर्ल्ड कपचा अंतिम सामना होता. स्टाद द फ्रान्स, दक्षिण आफ्रिका 12, न्यूझीलंड 11. मी न्यूझीलंडच्या बाजूचा. त्यांचा कर्णधार सॅम केन पहिल्या अर्ध्यातच पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला, बंकरमध्ये, म्हणजे व्हिडिओवर कार्ड पुन्हा तपासणाऱ्या वेगळ्या अधिकाऱ्याकडे, फेरतपासणी झाली आणि पिवळ्याचं लाल झालं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं हे पहिलं लाल कार्ड. पन्नासहून जास्त मिनिटं न्यूझीलंड पंधराऐवजी चौदा जणांत खेळलं आणि एका गुणाने हरलं. मधे न्यूझीलंडच्या अ‍ॅरन स्मिथने ट्राय केली (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलक्षेत्रात टेकवून गुण मिळवले), तीही टीएमओने, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या सामना अधिकाऱ्याने, मागे जाऊन रद्द करवली, कारण त्याआधीच्या लाइनआउटमध्ये (चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये तो परत फेकतात तेव्हा) नॉक-ऑन, म्हणजे चेंडू हातातून पुढे निसटणं, झाला होता. सामना संपला तेव्हा माझे हात थरथरत होते. मी टीएमओच्या खुर्चीत बसलेल्या टॉम फोलींबद्दल लिहिलं. काय लिहिलं ते इथे पुन्हा लिहिणार नाही.

पाच दिवसांनी त्या सामन्याचे रेफरी वेन बार्न्स निवृत्त झाले. 111 कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, सामन्यांची कारकीर्द. निवृत्ती त्यांनी आधीच ठरवली असेल, पण त्या वेळी आपल्याला आणि कुटुंबाला येणाऱ्या धमक्यांबद्दल त्यांना बोलावं लागलं. डिसेंबरमध्ये फोलींनी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाजूला व्हायचं ठरवलं आणि कारण स्पष्ट सांगितलं: फायनलनंतरचा दबाव आणि शिवीगाळ. ती बातमी वाचली आणि पोटात खड्डा पडला. धमकी मी दिली नव्हती. पण ज्या ढिगाखाली तो माणूस गुदमरला, त्यात माझ्या चार ओळी होत्याच.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. रग्बीवर प्रेम करणारे आपण सगळे एक वाक्य अभिमानाने सांगतो: आमच्या खेळात रेफरीशी कोणी हुज्जत घालत नाही. खरंच आहे ते. रेफरीशी बोलायचं तर कर्णधाराने बोलायचं. सव्वाशे किलोचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू, समोर उभ्या बारीकशा रेफरीला ‘सर’ म्हणतो. पेनल्टी दिल्यावर कोणी वाद घातला, तर रेफरी ती आणखी 10 मीटर पुढे नेतो, आणि वाद तिथल्या तिथे मिटतो. 2012 मध्ये रेफरी नायजेल ओवेन्सनी एका खेळाडूला बोलावून, हे सॉकर नाही, एवढंच शांतपणे सुनावलं होतं. ती क्लिप आपण किती जणांना पाठवली असेल! आणि त्याच बोटांनी आपण रात्री रेफरीच्या आईबापाचा उद्धार करतो. हा अभिमान मग कोणत्या तोंडाने मिरवायचा?

वाद घालू नये असं मी म्हणत नाही. वाद हवाच. रग्बी हा वाद घालण्याजोगाच खेळ आहे, कारण त्याच्या नियमांत माणसाने पाहून ठरवायच्या गोष्टी फार आहेत. साधा रक घ्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही संघांची होणारी झटापट. टॅकल झाला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडलं, खेळाडू खाली पडला. टॅकल करणाऱ्याने त्याला सोडून बाजूला लोळायचं. पडलेल्याने चेंडू सोडायचा. मागून येणाऱ्यांनी मागूनच यायचं, बाजूने घुसायचं नाही, आणि पायांवर उभं राहायचं. ज्याला चेंडू हिसकायचा आहे त्याने रक तयार व्हायच्या आत हात लावलेला असला पाहिजे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत, सात-आठ देहांच्या गुंत्यात. रेफरी एका बाजूला उभा, कॅमेरा दुसऱ्या बाजूला. रेफरीला जो हात दिसला तो आपल्याला दिसलाच नाही, आणि आपल्याला दिसलेला गुडघा त्याला दिसला नाही. दोन प्रामाणिक माणसं एकच रक पाहून दोन वेगळ्या पेनल्ट्या सांगू शकतात. मग समोरचा वेगळं सांगतोय म्हणजे तो विकला गेलाय असं कसं?

फॉरवर्ड पासचं तर विचारूच नका. रग्बीत हाताने पास पुढे टाकायचा नसतो. सर्वात जास्त भांडणं यावरून होतात आणि सर्वात जास्त गैरसमजही यातच आहेत. समजा खेळाडू सेकंदाला आठ मीटर वेगाने धावतोय आणि त्याने चेंडू स्वतःच्या मागे सेकंदाला तीन मीटरने टाकला. जमिनीच्या हिशेबाने तो चेंडू अजून पाच मीटर वेगाने पुढेच चाललाय. दहा मीटरच्या रेषेवरून सोडलेला पास त्या रेषेच्या पुढे जाऊन पकडला जातो, आणि तरी तो पूर्ण कायदेशीर असतो, कारण पाहायचं असतं ते हातातून चेंडू कुठल्या दिशेने सुटला ते. पास टाकणाऱ्याला त्याच क्षणी टॅकल बसला आणि तो जागीच थांबला, तर डोळ्यांना तो पास हमखास पुढे गेलेला वाटतो. स्क्रीनवर लाल रेघ ओढून फोटो टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की रेघ ओढण्याआधी मनगट पाहा.

अर्थात रेफरी चुकतात. ढळढळीत चुकतात. 2007 च्या वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत कार्डिफला फ्रान्सने न्यूझीलंडला 20–18 हरवलं. निर्णायक ट्रायच्या आधीचा फ्रेंच पास पुढे गेला होता, याबद्दल आजही कोणाला शंका नाही. रेफरी तेव्हाही वेन बार्न्सच होते. वय 28. त्यांना त्या वेळीही ठार मारण्याच्या धमक्या आल्या. हा माणूस त्यानंतर सोळा वर्षं उभा राहिला आणि जगातला अव्वल रेफरी झाला. पहिल्याच तडाख्यात घरी बसलेल्यांची नावं आपल्यापर्यंत पोहोचलीच नसतील.

2015 चा ऑस्ट्रेलिया–स्कॉटलंड सामना मला याबाबतीत फार शिकवून गेला. ट्विकनहॅम, पाऊस, शेवटची दोन मिनिटं, स्कॉटलंड 34–32 ने पुढे. स्कॉटलंडचा लाइनआउट फसला, चेंडू उडाला, स्कॉटिश खेळाडूने तो ऑफसाइडमधून पकडला म्हणून क्रेग जुबेर यांनी पेनल्टी दिली. ऑस्ट्रेलियाच्या बर्नार्ड फोलीने ती मारली आणि 35–34. शिट्टी वाजल्यावर जुबेर धावतच मैदानाबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीने, म्हणजे खेळाच्या जागतिक संस्थेने, जाहीर सांगितलं की निर्णय चुकला, कारण मधे एका ऑस्ट्रेलियन खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला होता. बस्स, एवढंच सगळ्यांनी लक्षात ठेवलं. पण त्याच निवेदनात पुढे होतं, की योग्य निर्णय ऑस्ट्रेलियाला स्क्रम (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तो) हा होता. म्हणजे चेंडू तरीही ऑस्ट्रेलियाकडेच आला असता. पेनल्टीची थेट लाथ मिळाली नसती, हा फरक मोठाच, मी तो कमी लेखत नाही. पण ‘स्कॉटलंडचा सामना चोरला’ आणि ‘स्कॉटलंडला शेवटच्या मिनिटाला स्क्रमचा बचाव करण्याची संधी मिळायला हवी होती’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं सोपं म्हणून सगळे तेच लिहितात. आणि ज्या सोयीची आपण मागणी करतो, त्या टीएमओला त्या निर्णयाबद्दल विचारायची परवानगीच तेव्हाच्या नियमांत नव्हती.

मग भांडायचं कसं? मला जे जमायला लागलंय ते सांगतो. क्लिप आधी पूर्ण वेगात पाहायची, दोनदा तरी. स्लो मोशनमध्ये प्रत्येक टॅकल ठरवून केलेला वाटतो, आणि जोर किती होता हे तर अजिबात कळत नाही. त्यानंतर मिनिट सांगायचं, नियम सांगायचा, आणि मग मत. डोक्याला लागलेल्या टॅकलबद्दल बोलायचं असेल तर रेफरी जे चार प्रश्न एकामागून एक विचारतात तेच आपणही विचारावेत: डोक्याला स्पर्श झाला का? तो नियमभंग होता का? धोका किती होता? आणि तीव्रता कमी करणारं काही कारण होतं का, म्हणजे समोरचा अचानक खाली वाकला वगैरे? या चार पायऱ्यांवर बोललं की भांडणाला धार येते आणि विखार जातो. तुम्ही कुठल्या पायरीवर माझ्याशी असहमत आहात हे मला कळतं. ‘आंधळा आहे का रेफरी’ यातून काहीच कळत नाही.

आणि नाव घेऊन मागे लागायचं नाही. 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे रग्बी संचालक रासी इरॅस्मस यांनी ब्रिटिश अँड आयरिश लायन्सच्या दौऱ्यातल्या पहिल्या कसोटीनंतर रेफरी निक बेरींच्या निर्णयांवर 62 मिनिटांचा व्हिडिओ केला होता. इरॅस्मस यांच्याइतकं रग्बी कळणारी माणसं जगात थोडीच असतील. त्यातल्या काही क्लिपांवर त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. तरी त्यांच्यावर दोन महिन्यांची पूर्ण बंदी आली, आणि सामन्याच्या दिवशीच्या कामावर 30 सप्टेंबर 2022 पर्यंत. मला ती शिक्षा योग्य वाटते. त्या क्लिपा बंद दाराआड द्यायची सोय होती. जगासमोर एका माणसाला तासभर उभं करणं ही वेगळी गोष्ट आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो व्हिडिओ नाचवला, हेही विसरू नये.

खेळाडूंबद्दलही दोन शब्द. डोक्याच्या तपासणीसाठी कोणी बाहेर गेला की ‘नाटक’ म्हणणारे दिसतात, तेव्हा मला फार राग येतो. 2003 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातले हुकर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू) स्टीव्ह थॉम्प्सन यांना पुढे चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि तो वर्ल्ड कप जिंकल्याचं त्यांना आठवत नाही. त्यांनी हे स्वतः सांगितलं आहे. हे एकदा वाचल्यावर बाहेर जाणाऱ्या खेळाडूची टिंगल कशी करवते?

महिलांच्या सामन्यांखाली येणारं ‘शाळेतली पोरं हरवतील यांना’ हे तर आता पुरे झालं. 27 सप्टेंबर 2025 ला ट्विकनहॅमला 81,885 माणसं महिला वर्ल्ड कपची इंग्लंड–कॅनडा फायनल बघायला बसली होती. इंग्लंडने 33–13 ने जिंकली. ज्याला त्यातल्या रक आणि लाइनआउटवर बोलायचंय त्याने बोलावं. लीग आणि युनियन या रग्बीच्या दोन प्रकारांच्या लोकांचं भांडण 1895 पासूनचं आहे, मजुरी बुडवून खेळणाऱ्यांना तिचे पैसे द्यावेत की नाही यावरून सुरू झालेलं. त्यात आपण नवीन काही घालणार नाही, तेव्हा ते सोडून देऊ. हो, आणि निकाल पहिल्याच ओळीत लिहू नका, कोणीतरी रेकॉर्डिंग लावून बसलेलं असतं.

नव्या माणसाला मात्र जपा. ‘स्क्रम कोसळला तर पेनल्टी कोणाला आणि का?’ असं कोणी विचारलं तर हसू नका. पंधरा-पंधरा वर्षं पुढच्या फळीत खेळलेले प्रॉपसुद्धा एकाच स्क्रमबद्दल वेगळी उत्तरं देतात. मला हा खेळ कळला तो असेच प्रश्न विचारून, आणि कोणीतरी दर वेळी नीट उत्तर दिलं म्हणून.

मागच्या मोसमातली एक गोष्ट. चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता, रेफरी एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. उत्तरार्धात तिने एक नॉक-ऑन दिला. माझ्या शेजारी उभा असलेला एक बाप ओरडला. जे शब्द त्याने वापरले ते मी ओळखले; आपण स्क्रीनवर वापरतो ते, अगदी त्याच क्रमाने. मुलीने मान वळवली नाही. शिट्टीची दोरी मात्र तिने मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट केली आणि स्क्रमची खूण दाखवली. ती खूण दाखवतानाचा तिचा हात मला स्पष्ट आठवतो, कारण तो कापत होता. सामना संपल्यावर दोन्ही संघांची मुलं रांगेत येऊन तिला ‘थँक यू रेफ’ म्हणून हात मिळवून गेली. त्या बापाचा मुलगाही. मी जाऊन तिच्याशी बोललो नाही, याची खंत आहे. पुढच्या सामन्यांना ती दिसली नाही. कारण मला माहीत नाही, पण मी तिला शोधत असतो.

आता त्या फायनलबद्दल. सामना मी पुन्हा पाहिला, पूर्ण, आवाज बंद करून. केनचं लाल कार्ड आता मला बरोबर वाटतं. तो निर्णय बंकरमधल्या वेगळ्या अधिकाऱ्याचा होता, फोलींचा नव्हताच, हे त्या रात्री मला ठाऊकही नव्हतं. स्मिथच्या ट्रायच्या आधी नॉक-ऑन खरोखर झाला होता. वाद फक्त एवढाच, की इतकं मागे जाऊन तो पाहण्याचा अधिकार टीएमओला होता का. माझ्या मते नव्हता, आणि यावर मी ठाम आहे. पण त्यानंतर काही मिनिटांतच न्यूझीलंडच्या ब्यूडन बॅरेटने ट्राय केलीच, तिचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची लाथ) हुकलं, आणि 73 व्या मिनिटाला जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टीही हुकली. एका गुणाचा हिशेब करायचा तर या दोन लाथाही मोजाव्या लागतील.

दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसीचा न्यूझीलंडच्या सावियावरचा टॅकल मात्र अजून माझ्या गळी उतरत नाही. ते पिवळंच कसं राहिलं? चार पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे धोका किती होता यावर, माझं बंकरशी पटत नाही. उत्तरार्ध सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, तिथून क्लिप पाहा, पूर्ण वेगात, आणि ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी खाली लिहा. मी एकेक वाचून उत्तर देणार आहे.