पुण्याजवळचं गाव

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेले काही महिने एकच दळण चालू आहे. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांवर हिंदीत चित्रपट येतोय. नाव 'ईठा', दिग्दर्शक 'छावा'वाले लक्ष्मण उतेकर, आणि विठाबाईंच्या भूमिकेत श्रद्धा कपूर. बातमी आल्यापासून कुणाचा जीव ठिकाणावर नाही. 'आपल्या विठाबाईंचं आयटम साँग करणार बघा.' 'मराठी नट्या काय मेल्यात?' मध्यंतरी शूटिंगमध्ये श्रद्धा कपूरच्या पायाला लागलं, तर एकाने लिहिलं, 'लावणी म्हणजे खेळ नाही, कळलं असेल आता.' हे लिहिणारा हिंजवडीत राहतो आणि पंधरा वर्षांत गावच्या यात्रेला फिरकलेला नाही. मीही फिरकलेलो नाही, पण मी लंडनच्या फेल्टममध्ये राहतो. मला निदान सबब आहे.

नावावरून तर कहर झाला. 'ईठा काय, विठा म्हणता येत नाही का?' अरे, आपल्या आज्या पंढरीच्या देवाला काय म्हणत होत्या? इठ्ठलच ना? जुन्नर तालुक्यात वाढलेल्या माणसाला 'ईठा' अशुद्ध वाटायला लागलं, म्हणजे पुण्याचं पाणी चांगलंच लागलंय. आणि श्रद्धा कपूर परकी म्हणून गळा काढणाऱ्यांना तिचं आजोळ कोल्हापुऱ्यांचं आहे हे सांगितलं, तर उत्तर आलं, 'आजोळाने ठेका येत नाही.' हे मात्र मला पटलं. तिथे सांगितलं नाही, इथे सांगतो.

माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ग्लॅडस्टन ॲव्हेन्यू आहे. तिथल्या 22 नंबरच्या घरावर 2016 पासून एक निळी पाटी आहे. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी इथे राहत होता. रविवारी कोपऱ्यावर दूध आणायला निघालो की पाटीखाली कुणीतरी फोटो काढताना दिसतं, आणि बाजूची बाई रिसायकलिंगचा डबा ओढत फोटोच्या मधून निघून जाते. हा फ्रेडी म्हणजे फारोख बलसारा. झांझिबारचा पारशी, शाळा आपल्या पाचगणीची, आणि गाणं चालायच्या आधी हीथ्रोवर सामान उचलायचा. मी हीथ्रोच्या कार्गोत आहे, त्यामुळे तो मला उगाचच खात्यातला वाटतो.

त्याच्यावर 2018 मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चित्रपट आला. काम केलं रामी मलेकने, ज्याचे आईवडील इजिप्तचे. गळा बराचसा फ्रेडीचा, काही ठिकाणी मार्क मार्टेल नावाच्या कॅनडातल्या गायकाचा. फ्रेडीला एचआयव्हीचं निदान 1985 च्या लाइव्ह एड कॉन्सर्टच्या आधीच झालं असं दाखवून टाकलं, जे खरं तर नंतरचं. एवढं सगळं होऊन मलेकला ऑस्कर मिळालं, आणि आमच्या शिफ्टमधली माणसं थिएटरात मोठमोठ्याने गाऊन आली. 'आमचा फ्रेडी इजिप्तवाल्याला काय कळणार' असं काही मी इथे ऐकलं नाही. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. गायिका ॲमी वाइनहाउसवरच्या चित्रपटाने 2024 मध्ये इथल्या लोकांचंही डोकं फिरलं होतं, ते लिहिलं नाही. माझ्या मुद्द्याला ते सोयीचं नव्हतं.

धास्ती मलाही आहे, पण वेगळी. विठाबाईंची एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. दिवस भरलेले, बोर्डावर नाच चाललेला, कळा सुरू झाल्या. आत कनातीमागे बाळंत झाली, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा येऊन उभी राहिली. पोट सपाट दिसल्यावर लोकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनीच खेळ थांबवला. हा प्रसंग नेमका मध्यंतराला येणार, स्लो मोशनमध्ये, मागे शंभर ढोलक्या. आणि लोक रडतील, की काय बाई होती! बाळंतिणीला परत बोर्डावर जावं का लागलं, हे कोण विचारणार? सुपारी घेतलेली असते. खेळ मोडला तर गावकी पैसे देत नाही. फडात शंभर-शंभर माणसं जेवणारी. ते गाव कुठलं, पंच कोण, त्यांच्यात आपला आजा-चुलता होता का, हे पडद्यावर यायला हवं. 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून जानेवारी 2025 मध्ये गदारोळ झाला, आणि याच उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. लेझमीला जिथे कात्री लागते तिथे पंचांना कोण दाखवणार?

दुसरी धास्ती नावाची. त्यांचं नाव 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. मधला शब्द पोस्टरवर राहतो का ते मला बघायचं आहे. आमच्या ग्रुपवर इतके मेसेज पडले, 'आपल्या विठाबाई, आपल्या विठाबाई', पण तो शब्द एकानेही टाइप केलेला नाही. मीसुद्धा नाही.

आता 'आपल्या'चं सांगतो. पाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन तिथे सुपाऱ्या ठरवतात. शाळेतून येताना आम्ही त्या रस्त्याने यायचो. आईचा दंडक होता, मान खाली घालून यायचं. यात्रेच्या रात्री आम्हा पोरांना माळवदावर झोपवायचे. ओढ्यापलीकडून ढोलकी, मग गवळण, मग बतावणीतले हशे. शब्द कळायचे नाहीत, हशा तेवढा यायचा. विठाबाईंना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. आमच्या घरात त्यांचं नाव काढायला बंदी होती.

पुढे पुण्यात कॉलेजला आलो. गाव विचारलं की 'नारायणगाव' म्हणायचो, आणि समोरचा डोळा मिचकावायचा. 'अरे वा, मग रोज रात्री मज्जा!' दोन-तीनदा ऐकल्यावर मी 'जुन्नर' म्हणायला लागलो. त्यात शिवनेरी येतो. शिवनेरीला कुणी डोळा मिचकावत नाही. इथे आल्यावर तर 'पुण्याजवळ' एवढंच. तेवीस वर्षं झाली. फ्रेडीही झांझिबार-पाचगणीबद्दल फारसं बोलायचा नाही म्हणतात, आणि चित्रपटातूनही पाचगणी जवळजवळ गायबच आहे. पाटीसमोरून जाताना मला त्याचा राग येत नाही.

15 जानेवारी 2002 ला विठाबाई गेल्या. शेवटची वर्षं हलाखीची. दवाखान्याच्या बिलासाठी लोकांनी वर्गणी काढली. आता शासन त्यांच्या नावाने दरवर्षी तमासगिराला जीवनगौरव पुरस्कार देतं. 2002 च्या त्या जानेवारीत मी व्हिसाच्या कागदांसाठी मुंबईला फेऱ्या मारत होतो. पेपरात बातमी वाचली आणि पान उलटलं. पन्नास रुपये वर्गणीसुद्धा माझ्या नावावर नाही. तेव्हा 'माझी विठाबाई' म्हणून कुणाशी भांडायचा अधिकार मला किती, हे एखाद्या भांडकुदळानेच ठरवावं.

परवा अण्णांना फोन केला. वय अठ्ठ्याहत्तर. म्हटलं, 'अण्णा, तुम्ही विठाबाईंचा तमाशा पाहिला होता का?'

'आपण कशाला जातोय तसल्या ठिकाणी?' लगेच उत्तर.

मी गप्प बसलो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

'थांब. तुझी आई आत गेली का बघतो.' मग आवाज खाली आला. 'एकदा कमिटीत घेतलं व्हतं मला. पंच म्हणल्यावर पुढं बसावंच लागतं.'

'किती वर्षं होतात कमिटीत?'

'एकच.'

त्यानंतर पाऊण तास अण्णा बोलत होते. एका यात्रेत वळवाचा पाऊस आला आणि कनात उडाली. एका यात्रेत ट्रक घाटात अडकला म्हणून खेळ पहाटे उभा राहिला, तरी एक माणूस उठला नाही. एका यात्रेत दौलतजादा करताना चुलत्याने बैलाचे पैसे उधळले. मी मोजत होतो, निदान चार यात्रा झाल्या.

शेवटी म्हणाले, 'तिकडं लागंल का रं हा पिच्चर?'